आमच्या घरचे विक्रीप्रमुख

मी जुन्या मोटारसायकली विकत घेते, दुरुस्त करते आणि विकते. हे वाक्य मी कुठेही उच्चारलं की समोरचा माणूस माझ्या नवऱ्याकडे बघतो. लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेलो असताना, सोसायटीच्या वार्षिक सभेत, कुठेही. मी काहीतरी परक्या भाषेत बोलले आणि आता हे त्याचा अर्थ सांगणार, अशा थाटात. हे नुसते हसतात. इतिहासाचे प्राध्यापक होते, आता निवृत्त आहेत. कुठे बोलायचं आणि कुठे नुसतं हसायचं हे त्यांना नेमकं कळतं.

धंदा नाही हं, छंद आहे. वर्षाला चार, फार तर पाच गाड्या. कुणाला भरतकामाचा असतो, कुणाला सुडोकूचा, मला हा लागला. तीस वर्षं मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली आणि रोज कर्वेनगरहून कॅम्पात मोपेडवर गेले. ती मोपेड दर पंधरा दिवसांनी बंद पडायची, आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक दर वेळी "मॅडम, चालवायची पद्धत चुकतीय तुमची" असं सांगून पैसे घ्यायचा. एका रविवारी मी चिडून स्वतःच कार्ब्युरेटर उघडला. आत कचरा होता. माझ्या पद्धतीचा कुठे मागमूस नव्हता. त्या दिवसापासून मी त्या माणसाचं तोंड पाहिलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर मोबाईलवर व्हिडिओ बघत बघत मोपेडवरून मोटारसायकलींवर गेले.

पुण्यात जुन्या गाड्यांना तोटा नाही. कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा, कोपऱ्यात एक गाडी धूळ खात उभी असतेच. मुलगा न्यूजर्सीत, गाडी कर्वेनगरात. आई भाजीला जाता-येता तिच्याकडे बघते आणि म्हणते, आला की चालवेल. सात-आठ वर्षांनी मुलगा येतो, दहा दिवस कॅबनं फिरतो आणि परत जातो. मग मला फोन येतो. मी जाते, टाकी हलवून बघते, किक मारून बघते, तोंड वाकडं करते, भाव पाडते. गाडी ढकलत आमच्या पार्किंगमध्ये येते आणि महिना-दीड महिना माझा छान जातो.

विकणं मात्र मला जमलं नाही. म्हणजे जमू दिलं नाही. पहिली गाडी विकायला काढली तेव्हा चार गिऱ्हाइकं आली. पहिल्यानं विचारलं, साहेब नाहीत का घरी. दुसऱ्यानं गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, मला एक अक्षर विचारलं नाही, आणि जाताना वॉचमनला विचारलं की इंजिनाचं काम निघालंय का. तिसऱ्याला मी सांगायला लागले की हेडचं गॅस्केट नवीन टाकलंय, तर तो माझ्याकडे अशा कौतुकानं बघायला लागला, जणू लहान मुलीनं पाढेच म्हणून दाखवले. चौथा आला तेव्हा हे दळण घेऊन नेमके पार्किंगमध्ये शिरत होते. हातात पिठाचा डबा, मिशीवर पीठ. त्यानं मला ओलांडून थेट यांना विचारलं की काका, इंजिन कसंय. हे म्हणाले, "उत्तम." दहा मिनिटांत गाडी विकली गेली.

त्याच संध्याकाळी मी यांची विक्रीप्रमुखपदी नेमणूक केली. पगार नाही; दोन चहा जास्तीचे.

आता अडचण एवढीच की विक्रीप्रमुखांना मोटारसायकल चालवता येत नव्हती. लहानपणी सायकलवरून पडले, कपाळावर अजून खूण आहे, आणि तेव्हापासून कुठल्याही दोन चाकांवर ते मागेच बसतात. लग्नानंतर पहिल्यांदा मी यांना डबलसीट घेऊन लक्ष्मी रोडवरून गेले तेव्हा माझ्या सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला होता. अशा माणसाला क्लच म्हणजे काय हे शिकवत बसण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी त्यांना वाक्यं लिहून द्यायला लागले. गाडी पूर्ण झाली की एका कागदावर सात-आठ वाक्यं. ते ती पाठ करायचे. सकाळी बाथरूममधून पाण्याच्या आवाजावर ऐकू यायचं, "चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही नवीन. क्लचप्लेटा बदललेल्या. सकाळी थंड असताना सुरू करून बघा आणि मगच बोला." आवाज असा, की पानिपतच्या पराभवाची कारणं सांगतायत.

पाठांतराबाहेरचा प्रश्न आला तर त्याचीही सोय होती. मी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत उभी राहायची. हे खोकायचे. मी वरून विचारायची, अहो, चहा टाकू का दोघांना. मग हे "आलोच" म्हणून वर यायचे, स्वयंपाकघरात मी उत्तर सांगायची, आणि दोन कप आणि एक उत्तर घेऊन हे खाली. एका चौकस गृहस्थांना आम्ही असा तीन वेळा चहा पाजला. त्यांनी गाडी घेतली नाही. झोप तरी लागली असेल की नाही, देव जाणे.

हळूहळू यांना ते काम आवडायला लागलं. घरातला शर्ट जाऊन बाह्या दुमडलेला शर्ट आला. हातात उगाच एक फडकं आलं. एकदा गिऱ्हाईक यायच्या आधी मी त्यांना माझ्या हत्यारांच्या डब्याशी पकडलं. उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला थोडंसं ग्रीस लावत होते, अगदी बेतानं, अष्टगंध लावावं तसं. मी विचारलं, हे काय चाललंय. तर म्हणाले, "विश्वास बसतो लोकांचा."

मी हसले. पोट धरून हसले. पण रागही आला होता, तो गिळला. माझ्या नखांतलं काळं हळदीकुंकवाला जाताना लिंबू चोळूनही निघत नसे, आणि सोसायटीत त्या गाड्यांना म्हणायचे काय, तर सरांच्या गाड्या. बायका मला विचारायच्या, सरांना मदत करता वाटतं. मी हो म्हणायची. काय सांगत बसणार?

आणि खरं कारण वेगळंच होतं. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष या माणसानं खिडकीत बसून काढलं होतं. चाळीस वर्षं वर्गावर बोललेला माणूस, त्याला दिवसाकाठी बोलायला मी आणि दूधवाला. आता खालून कुणी "सर, जरा बघता का आमच्या गाडीचं" अशी हाक मारली की यांची पाठ ताठ व्हायची, चप्पल सरकवून हे तरातरा खाली. गाडीचं बघायचे काय, कपाळ! बघून वर यायचे आणि मला विचारायचे. पण ती ताठ झालेली पाठ मला बरी वाटायची, म्हणून मी गप्प बसायची. नाहीतर गप्प बसणं हा काही माझा गुण नाही.

मग ती काळी गाडी आली. शंभर सीसीची, साधी, गरीब स्वभावाची. इंजिन चांगलं होतं, मागचा ब्रेक गेलेला होता. मी मागचं चाक काढलं, ब्रेकचे लायनर बदलले, चाक परत चढवलं. आता इथे थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मागच्या चाकात ब्रेकची एक गोल प्लेट असते. ब्रेक दाबला की ती चाकाबरोबर गरकन फिरायला बघते, म्हणून तिला एका लोखंडी पट्टीनं गाडीच्या सांगाड्याशी बांधून ठेवतात. पट्टीच्या टोकाला एक बोल्ट, बोल्टाला नट, आणि नट सुटून येऊ नये म्हणून बोल्टातून ओवलेली एक पिन. पिन म्हणजे काय, केसांच्या आकड्याएवढी तार. पण ती नसली आणि नट गळून पडला, तर ब्रेक दाबताक्षणी पट्टी सुटते, प्लेट फिरते आणि मागचं चाक जागच्या जागी अडकतं. गाडी वेगात असेल तर माणूस रस्त्यावर.

जुनी पिन काढताना माझ्या हातात तुटली. नवी घरात नव्हती, नाना पेठेतून आणायची होती. तोवर नट मी नुसता बोटांनी फिरवून ठेवला. पाना लावला नाही, कारण दोन दिवसांत ते सगळं पुन्हा उघडायचंच होतं. आणि सोमवारी पहाटेच मी वाईला गेले, भाचीच्या मुलाचं बारसं होतं. जाताना यांना सांगितलं की पोळ्या डब्यात आहेत, दूध उतू घालवू नका. गाडीबद्दल काही बोलले नाही. कधी बोलतच नसे. वाक्यांचा कागद दिला नाही म्हणजे गाडी तयार नाही, एवढं यांना कळत असेल असं मी धरून चालले होते.

मंगळवारी सकाळी नऊ-साडेनऊला घरी परतले. दार उघडलं तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे. यांचा चेहरा फुललेला. बॅग माझ्या हातातून घेतली, जे गेल्या दहा वर्षांत झालेलं नाही. मला खुर्चीवर बसवलं, चहा स्वतः केला, समोर ठेवला, आणि मग म्हणाले, "विकली."

कालच दुपारी एक गिऱ्हाईक आलं होतं. राहणारा लोणी काळभोरचा, हडपसरच्या एका कारखान्यात कामाला, तिशीतला माणूस, बायको आणि वर्षाचं मूल. कामावर जायला गाडी हवी होती. कागदांवर सह्या झाल्या, भाव एक रुपया कमी केला नाही, आणि मी गॅलरीत नसताना हे सगळं एकट्यानं जमवलं. हे मला ते रंगवून सांगत होते. मी विचारलं, वाक्यं कुठून आणलीत. म्हणाले, "मागच्या गाडीचीच म्हटली. बहुतेक तीच तर असतात."

मी विचारलं, कुठली गाडी. म्हणजे विचारायची गरज नव्हती, पार्किंगमध्ये विकण्यासारखी ती एकच होती. तरी विचारलं. काळी, म्हणाले. कप खाली ठेवला तो बशीवर न बसता टेबलावर आडवा झाला. मी यांना दोन वाक्यांत सांगितलं की नटाला पिन नाही आणि नट हातानं लावलेला आहे. यांना नट कळला नाही, पिन कळली नाही, पण माझा आवाज कळला. त्यांनी लगेच फोन उचलला.

फोन त्या माणसाच्या आईनं घेतला. फोन घरीच चार्जिंगला लावून पोरगा गेलाय, म्हणाली. कुठे? "आज मंगळवार नव्हं का. नवी गाडी घिऊन थेऊरच्या गणपतीला गेल्यात. सून बी हाय, नातू बी हाय संगं." आधीच्या मालकाच्या पार्किंगमध्ये सात वर्षं उभी राहिलेली गाडी तिच्यासाठी नवीच होती. मी सांगितलं, आम्ही निघालोय, ती लोकं आधी आली तर गाडी हलवू देऊ नका. पत्ता घेतला, हत्यारांचा डबा उचलला आणि निघालो.

स्कूटर मी चालवत होते, हे मागे. स्वारगेट ओलांडलं. मग सुरू झाले ते हडपसरपर्यंत थांबले नाही. तोंड माझं आहेच तसं, आणि हेल्मेटच्या आतून बोलायचं म्हणून आवाजही चढवलेला. म्हटलं, काय हो, ग्रीस लावलं होतं का काल? एका बोटाला की दोन? म्हटलं, एक फोन करायचा होता, वाई काही चंद्रावर नाही. म्हटलं, चाळीस वर्षं पोरांना सांगत आलात ना की पुरावा बघितल्याशिवाय विधान करू नका? सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला आमच्याकडे वळून बघायला लागला. एरवी एका टोमण्याला दोन परत येतात. शेवटी मी विचारलं, ब्रेकचं वाक्य म्हटलंत का?

"म्हटलं," ते म्हणाले. "ब्रेकची काळजीच करू नका, असं म्हटलं."

मी नुसती स्कूटर चालवत राहिले. आणि बोलणं थांबलं की जे इतका वेळ मागे ढकललेलं असतं ते पुढे येतं. नट कुणी लावला होता? मी. अर्धवट काम तसंच टाकून बारशाला कोण गेलं? मीच. तीस वर्षं कचेरीत प्रत्येक कागदाला टॅग लावणारी बाई मी, हँडलला एक चिठ्ठी बांधायला मला काय धाड भरली होती? या माणसाला मी वर्षानुवर्षं पोपट करून ठेवलं होतं, आणि पोपटानं वाक्य म्हटलं म्हणून आता त्याच्यावर ओरडत होते. मुलाचं वय वर्षाचं. तेच डोक्यात घोळत राहिलं.

हडपसरला एक स्पेअरपार्टचं दुकान उघडं दिसलं, तिथे पिना घेतल्या. एक हवी होती, मूठभर घेतल्या. यांनी ती पुडी खिशात न ठेवता लोणीपर्यंत हातात धरून ठेवली.

घर सापडायला वेळ लागला नाही. पुढे सारवलेलं अंगण, कडेला दोन शेळ्या. आई बाहेरच उभी होती, ती लोकं अजून आली नव्हती. मला तसंच पुढे थेऊरला जायचं होतं, पण तिनं सांगितलं की यायला वाटा दोन, एक फाट्यावरून आणि एक कालव्याच्या कडेनं. आम्ही एका वाटेनं गेलो आणि ते दुसरीनं आले तर चुकामूक. म्हणजे थांबणं आलं. तिला आम्ही काय सांगणार? गाडीत एक किरकोळ काम राहिलंय, एवढंच मी म्हटलं. तिनं यांना खुर्ची दिली, मला चटई. चहा आणला.

"आमचं पोरगं लई गुण गातंय तुमचं," ती यांना म्हणाली. "म्हणलं, सरांनी गाडी पोटच्या लेकरावानी सांभाळलीया."

यांनी कप तोंडाला लावला होता तो तसाच खाली ठेवला.

अर्धा तास गेला असेल, मला दोन तास वाटले. रस्त्यानं किती गाड्या जातात हो! प्रत्येक आवाजाला मी उठायची, आवाज ओळखायची आणि बसायची. ही नव्हे. हीपण नव्हे. आपण उघडून जोडलेल्या गाडीचा आवाज आपल्याला कळतो. हे माझ्याकडे बघत होते. मी बसले की तेही खुर्चीत मागे टेकायचे. मग कालव्याच्या बाजूनं तो आवाज आला आणि मी अंगण ओलांडून रस्त्यावर गेले. लांबून दिसली. हँडलला झेंडूचा हार, मध्ये मूल, मागे बायको. उताराला होती, बऱ्यापैकी वेगात होती. मी दोन्ही हात वर केले आणि ओरडले की मागचा ब्रेक दाबू नका, फक्त पुढचा. त्याला पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा गेलं. त्यानं ॲक्सिलरेटर सोडला, पुढचा ब्रेक हलकेच धरला, दोन्ही पाय जमिनीला घासत आणले आणि माझ्यापासून चार हातांवर थांबला. "काय झालं मावशी?" म्हणाला, हसत होता. बायको उतरली. मूल तिच्या खांद्यावर झोपलं होतं, कपाळाला गुलाल.

मी तिथेच रस्त्याच्या कडेला मागच्या चाकाशी बसले. नट बोल्टाच्या अगदी टोकाला आला होता. दोन आटे धरून, फार तर अडीच. हातातला पाना मी खाली ठेवला, दोन बोटांत नट धरला, आणि तो आला. लोणीपर्यंतचा हायवे, हडपसरची गर्दी, थेऊरचे खड्डे, आणि त्या सगळ्यात दोन आटे. मी पाठ वळवून बसले होते, कुणाला दिसू नये म्हणून. मान वर केली तर हे समोर उभे. हातात ती पिनांची पुडी, चेहरा पांढराफटक. एका दिवसात म्हातारा झालेला माझा नवरा. या माणसाला मी जन्मभर टोमणे मारले, पण त्या क्षणी मला त्याला काही म्हणजे काही लागू द्यायचं नव्हतं.

"घट्ट होता," मी म्हणाले, कुणी विचारलं नव्हतं तरी. "नुसती पिन तेवढी राहिली होती." आणि पाना लावून नट आवळला, पिन ओवली, तिची टोकं वाकवली.

तो माणूस मोठ्यानं हसला. यांच्याकडे वळून म्हणाला, सर, एवढ्याशा तारेसाठी एवढं लांब आलात, असा विकणारा माणूस आम्ही बघितला नाही. आई म्हणाली, मोठी माणसं. मीही उठून हात पुसले. मला वाटलं, सुटलो.

"थांबा," हे म्हणाले. वर्गात म्हणत असतील तसं नाही, हळू. "ही गाडी मी दुरुस्त केलेली नाही. मला मोटारसायकल चालवतासुद्धा येत नाही. सगळं काम हिचं. काल ही गावाला गेली होती आणि काम अर्धं होतं. ते मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नाही. ब्रेकची काळजी करू नका असं मी तुम्हाला सांगितलं, तेव्हा ब्रेक म्हणजे काय हेही मला धड ठाऊक नव्हतं. तुम्हाला गाडी नको असेल तर पैसे आत्ता परत देतो."

तो माणूस आधी यांच्याकडे बघत राहिला, मग त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं, माझ्या हातांकडे. मग बायकोच्या खांद्यावरच्या मुलाकडे. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"माझं लेकरू होतं गाडीवर," तो म्हणाला.

"हो," हे म्हणाले.

एवढंच. यांनी मान खाली घातली नाही, सारवासारव केली नाही. मला वाटलं आता हा हात उगारतो. उगारला असता तर मी मध्ये पडले नसते असं नाही, पण त्याची चूक आहे असंही म्हणू शकले नसते. त्यानं हँडलवरचा हार ओढून काढला, परत अडकवला, आणि शेळ्यांच्या बाजूला जाऊन पाठमोरा उभा राहिला.

बोलली ती बायको. मला विचारलं, पिन आता बसली का. मी म्हटलं, बसली. मग म्हणाली, "आता बाकीचं पण बघा. सगळं. मी बसते इथं." मूल सासूकडे दिलं आणि पदर खोचून माझ्यासमोर उकिडवी बसली.

दीड तास मी ती गाडी तपासली. पुढचा ॲक्सल, हँडलचे नट, चेन, इंजिनाचे बोल्ट, एक सोडला नाही. ती मला पाने देत होती आणि प्रत्येक वेळी विचारत होती की हे कशासाठी, हे सैल झालं तर काय होतं. मी सांगत गेले. अर्ध्या तासानं तो माणूस येऊन शेजारी बसला. आणखी थोड्या वेळानं मला दिसलं की हेही आमच्याजवळ जमिनीवर बसलेत, कपड्यांची पर्वा न करता, धुळीत. शेवटी मी गाडी हायवेपर्यंत नेऊन आणली, मागचा ब्रेक करकचून मारून बघितला. तो माणूस म्हणाला, राहू द्या गाडी. यांच्याशी तो त्यानंतर बोलला नाही. फोन पुढे केला तो माझ्यासमोर, माझा नंबर घ्यायला.

निघालो तेव्हा दुपार टळत आली होती. हे मागे बसले. नेहमी सीटच्या मागचा दांडा धरतात, त्या दिवशी हात माझ्या खांद्यावर होता. मी मुद्दाम इकडचं तिकडचं बोलत होते. बारशात जिलेबी चांगली होती, पण मठ्ठ्याला मीठ नव्हतं. हे हं-हं करत होते. मांजरी फाट्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, नट कितपत सैल झाला होता. मी म्हटलं, सांगितलं ना तिथे, घट्ट होता. उगाच डोक्याला त्रास करून घेऊ नका.

सिग्नलचे आकडे मागे मागे येत होते. चाळीस, एकोणचाळीस. मला वाटलं, पटलं.

"पाना तू आधी खाली ठेवलास," ते म्हणाले. "नट मग काढलास."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मला पुढचं काही दिसेना, म्हणून मी स्कूटर हळूच रस्त्याच्या कडेला घेतली.